सुपारीएवढा गूळ

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात तराजू नव्हता, आणि तो नसल्याची उणीव त्या घरात कुणाला कधी भासल्याचे मला स्मरत नाही; कारण तेथे प्रत्येक जिन्नसाचे माप दुसऱ्या एखाद्या जिन्नसाच्या आकारात साठवलेले असे. चिंच भिजत घालायची ती लिंबाएवढी, पंचामृताला गूळ घ्यायचा तो मोठ्या आवळ्याएवढा, आमटीला किंवा मेथीच्या पातळ भाजीला सुपारीएवढा, आणि काकडीच्या कोशिंबिरीवर साखर पेरायची ती दोन बोटांच्या चिमटीत राहील तेवढीच. ही मापे सुनेला सासूकडून आणि नातीला आजीकडून मिळत; त्यांत चूक झाली तर ती बोलून दाखवावी लागत नसे, पहिल्या घासालाच ती सर्वांना कळे. गोडाची ही अल्प मात्रा दारिद्र्यातून आलेली होती असे अलीकडे पुष्कळदा म्हटले जाते. मला ते मान्य नाही. ज्या घरांत गुळाच्या ढेपा माळ्यावर रचलेल्या असत, त्या घरांतही आमटीतला खडा सुपारीपेक्षा मोठा होत नसे. त्या खड्याच्या मागे एक दीर्घ इतिहास आहे, तो उसाच्या फडातून, गुऱ्हाळातून, बंदरावरच्या जकातीतून आणि कालव्यांच्या पाटबंधाऱ्यांतून वाहत आला आहे, आणि आज जे सुज्ञ गृहस्थ व गृहिणी सेंद्रिय साखर किंवा गूळ हात राखून वापरू पाहतात, ते नकळत त्याच इतिहासाच्या काठाशी परत येऊन उभे राहत आहेत.

फळाच्या आकारावरून माप ठरवण्याची रीत आजीची नव्हे, ती फार जुनी. आयुर्वेदाच्या मानपरिभाषेत कोल म्हणजे बोर, अक्ष म्हणजे बेहडा आणि बिल्व म्हणजे बेलफळ ही तिन्ही वजनांची नावे आहेत. अक्ष म्हणजेच कर्ष, सुमारे आपल्या तोळ्याइतका, आणि बिल्व म्हणजे पल. वैद्याच्या खलातून ही मापे स्वयंपाकघरात आली की स्वयंपाकघरातून खलात गेली, हा वाद मला गौण वाटतो. दोन्हीकडे मात्रेचा विचार एकच होता, हे महत्त्वाचे. औषधाला अनुपान म्हणून दिलेला गूळ आणि आमटीत विरघळलेला गूळ यांच्यात प्रयोजनाचे अंतर असले, तरी हातातल्या खड्याकडे पाहण्याची दृष्टी एकच होती.

शब्दांचा इतिहासही याच वाटेने जातो. गुड या शब्दाचा मूळचा अर्थ गोळा. उसाचा रस आटवून जो गोळा वळता येतो तो गुड. आपले ‘गोड’ हे विशेषण याच कुळातले, आणि गोमंतकात तर ‘गोड’ म्हणजे प्रत्यक्ष गूळच. तिकडे ‘माडाचें गोड’ म्हटले की माडाच्या रसाचा काळपट गूळ डोळ्यांपुढे येतो. म्हणजे चवीला तिचे नाव मिळाले ते गुळावरून, साखरेवरून नव्हे. शर्करा या शब्दाचा मूळचा अर्थ वाळू, बारीक खडे. मूत्रविकारातल्या खड्यांनाही वैद्यक त्याच नावाने ओळखते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोष्ठागाराच्या प्रकरणात फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा अशी उसाच्या पदार्थांची परंपरा सांगितलेली आहे: प्रथम काकवीसारखा पातळ पाक, मग गूळ, मग दाणे धरू लागलेली राब, मग खांड आणि शेवटी साखर. प्रत्येक पायरीला मळी निथळून जाते, रंग उजळतो, आणि हाती येणारा माल कमी होतो. इसवी सन ६४७ मध्ये चीनच्या ताङ सम्राटाने साखर करण्याची विद्या शिकून येण्यासाठी आपली माणसे मगधात धाडली होती, अशी त्या देशाच्या बखरीत नोंद आहे. ही विद्या पश्चिमेकडे गेली तेव्हा आपला शब्दही तिच्याबरोबर गेला. फारसीत शकर, अरबीत सुक्कर आणि पुढे युरोपातल्या भाषांत त्याची नाना रूपे झाली.

साखर हाती येता येता इतकी कमी होत असल्यामुळे ती मोलाची होती, आणि मोलाची होती म्हणून ती नित्याची नव्हती. मराठी लोकाचारात साखर कोठे आढळते ते पाहावे. वाङ्‌निश्चयाच्या विधीला आपण साखरपुडा म्हणतो, कारण कागदाच्या पुड्यात बांधून दिलेली थोडी साखर हीच त्या कराराची साक्ष असे. राजघराण्यात पुत्रजन्म झाला किंवा गड सर झाला, म्हणजे हत्तीवरून साखर वाटली जाई. त्या साखरेला एरवी लोक मुकलेले नसते, तर ती वाटायला हत्तीचे प्रयोजन उरले नसते. गुढीला साखरेची गाठी बांधतात, तीही वर्षातून एकदाच. याउलट उन्हातून आलेल्या पांथस्थाच्या हातावर ठेवायचा तो गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. पाडव्याच्या कडुनिंबात मिसळायचा तो गूळ. संक्रांतीच्या तिळात गूळ. बाळंतिणीच्या लाडवात गूळ. साखर समारंभाची होती, गूळ प्रपंचाचा होता, आणि दोघांच्या सीमा सर्वांना ठाऊक होत्या. खासगीच्या मुदपाकखान्यात जे चाले ते कुणब्याच्या चुलीपाशी चालत नसे हे खरेच. पण कुणब्याची चूल गोडाला पारखी होती, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही.

तो गूळ कसा होई, हे ज्याने पाहिले नाही त्याला त्या खड्याची किंमत पुरती कळणार नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. जुन्या जमाबंदीच्या भाषेत ऊस हे बागाईत पीक, पाटस्थळ किंवा मोटस्थळ जमिनीवरचे. म्हणजे ज्याच्या शेताला ओढ्याचा पाट किंवा विहिरीची मोट असेल त्यानेच ते करावे. देशावर पूर्वी पुंड्या नावाचा जाड, मऊ, रसाळ ऊस लावीत. दसरा-दिवाळीनंतर थंडी पडू लागली की फडाच्या कडेला गुऱ्हाळ लागे. बाभळीच्या लाकडाचे उभे चरक बैलांनी फिरवायचे, आणि त्यांचा करकर आवाज रात्रभर शिवारात घुमत राहायचा. पुढे लोखंडी चरक आले, किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनही ते निघू लागले, आणि तो लाकडी आवाज बंद झाला. रस मोठ्या लोखंडी काहिलीत पडे. काहिलीखालच्या चुलवणात वाळलेली चिपाडे टाकीत राहणाऱ्या माणसाला जळव्या म्हणत. त्याचे काम हलके समजले जाई, परंतु ज्वाला कमी-अधिक झाली तर सारे आधण वाया जाई, हे त्याला आणि मालकाला दोघांनाही माहीत असे.

खरा अधिकारी मात्र गुळव्या. रस तापू लागला की तो त्यात चुन्याची निवळी घाली, भेंडीच्या झाडाचे बुळबुळीत पाणी घाली. त्या चिकट पाण्याला धरून मळी वर येई आणि झाऱ्याने ती काढून टाकली जाई. मग रसाचा रंग, फेसाचे फुगे, वाफेचा वास आणि झाऱ्यावरून पडणारी धार यांवर त्याची नजर. शेवटच्या घटकेला तो थोडा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळी, ती काहिलीच्या काठावर आपटून तिचा आवाज ऐके, आणि मग हात वर करी; त्या क्षणी काहील चुलवणावरून उतरलीच पाहिजे. आज उष्णतामापक लावून पाहिले तर ती घटका एकशेअठरा ते एकशेवीस अंशांच्या दरम्यान येते. गुळव्याने तो आकडा कधी ऐकला नव्हता आणि त्याचा हात मात्र त्या आकड्यावरच वर होई. वाफ्यात ओतलेला पाक घोटून, कापड घातलेल्या भांड्यात भरून, त्याच्या ढेपा पाडीत. कोल्हापूरकडे त्यांना रवे म्हणतात. शंभर मण उसामागे दहा ते बारा मण गूळ, हे सर्वसाधारण प्रमाण.

गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला रस, काकवी आणि गरम गूळ विन्मुख न करता देण्याचा शिरस्ता होता. आम्ही मुले नारळाची वाटी किंवा रताळे दोऱ्याला बांधून काहिलीत सोडीत असू, आणि गुळव्या रागावल्याचा आव आणून ते स्वतःच बाहेर काढून देई. तेथे पोटभर गोड खाल्ले जाई, यात शंका नाही. पण तो वर्षाचा एक हंगाम. उरलेले दहा महिने त्याच गुळाचा खडा आमटीत पडे तो सुपारीएवढाच. भरपूर आणि थोडे यांची जागा वेगवेगळी ठेवण्याची ही समज मला त्या संस्कृतीचा मोठा गुण वाटते.

कोल्हापूरच्या गुळाची कीर्ती या व्यवसायाला लाभलेल्या राजाश्रयानेही वाढली. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली, आणि पंचगंगेच्या खोऱ्यातल्या गुळाला बांधीव बाजार मिळाला. तेथील सौद्यांत गुळाचा रंग, कण आणि कठीणपणा यांवरून भाव ठरत. या निरखाचा पुढे एक अनिष्ट परिणाम झाला, त्याकडे नंतर वळतो.

आता त्या खड्याचे स्वयंपाकातले कार्य पाहू. तो पदार्थ गोड करण्यासाठी पडत नाही. चिंचेचा किंवा आमसुलाचा आंबटपणा, मिरचीचा तिखटपणा, मेथीचा वा कारल्याचा कडवटपणा यांची टोके बोथट करून त्यांना एका पंक्तीत बसवणे हे त्याचे काम. आमटी जिभेला गोड लागली, तर खडा मोठा झाला असे समजावे. त्यातही वेळेचे भान हवे. डाळ पुरती शिजण्यापूर्वी चिंचगूळ पडला तर ती मऊ होत नाही, कारण आंबटपणा, साखर आणि गुळातला चुन्याचा अंश हे तिघेही डाळीच्या दाण्याला कठीण ठेवतात. म्हणून आमटीला गूळ शेवटी, आणि पुरणालाही डाळ बोटाने चुरडली जाऊ लागल्यावरच. ही रीत सर्व महाराष्ट्रात सारखी नाही. पुणे, सातारा आणि कोकणपट्टीच्या कित्येक घरांत गुळावाचून आमटीची कल्पना करवत नाही. खानदेशात आणि वऱ्हाडात तोच खडा अनाठायी वाटतो. दोघांचेही आपल्या जागी बरोबर आहे.

घरी भाजलेल्या गोड पदार्थाविषयी असा समज आहे की भट्टीतला केक फिरंग्यांबरोबर आला आणि त्यापूर्वी आपल्याकडे तळणे व उकडणे एवढेच होते. कोकणातल्या धोंडसाची आठवण ज्यांना आहे ते असे म्हणणार नाहीत. पिकून पिवळे झालेले तवसे, म्हणजे मोठी काकडी, किसायचे, त्याच्या सुटलेल्या पाण्यातच भाजलेला तांदळाचा रवा शिजवायचा, त्यात खोबरे, मीठ, वेलची आणि चवीपुरता गूळ घालायचा, आणि केळीच्या पानाचा तळ केलेल्या भांड्यात ते ओतून भांड्याखाली मंद निखारे व वरच्या झाकणावरही निखारे ठेवायचे. दोन्ही बाजूंच्या विस्तवात ते सावकाश भाजले जाते, कडेने तपकिरी पापुद्रा धरते आणि आत ओलसर राहते. तवसळी म्हणून हाच पदार्थ गोमंतकातही होतो. त्यात गूळ फार चालत नाही. फार झाला तर पापुद्रा करपतो, मधला भाग बसत नाही, आणि तवशाचा कोवळा गंध मरतो. भाजण्याच्या कलेत साखरेची दोन कामे असतात, ओल धरून ठेवणे आणि वरचा भाग रंगवणे; ती दोन्ही कामे थोड्या गुळाने होतात, कारण गुळात शुद्ध शर्करेबरोबर ओल ओढणारी द्राक्षशर्करा व फलशर्कराही असते आणि तिला रंग लवकर चढतो. आजीला हे शास्त्र माहीत नव्हते. निखारे कधी काढायचे ते वासावरून माहीत होते.

गोमंतकाचे नाव निघालेच आहे, तर रेंदेराचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे मला उचित वाटत नाही. माडावर चढून सूर काढणाऱ्या त्या कष्टकऱ्याच्या श्रमावर तिथल्या घरांतले गोड आणि पाव दोन्ही उभे होते; ताजा रस आटवला की गोड, आंबला की पावाचे आंबवण. डोदोल या तिथल्या गोड पदार्थाचा काळा रंग आणि धुरकट चव ही माडाच्या गुळाची देणगी आहे. तेथे पांढरी साखर घातली तर तो पदार्थच राहत नाही.

ही जुनी व्यवस्था ढळू लागली ती समुद्रमार्गाने. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरात मॉरिशस बेटाची साखर येऊ लागली, आणि लोकांनी तिला ‘मोरस साखर’ असे नाव दिले. जुन्या मराठी लिखाणात ते अजून भेटते. त्या साखरेशी आपला संबंध केवळ गिऱ्हाईकाचा नव्हता. १८३४ नंतर तेथील उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर जाऊ लागले, आणि त्यांत रत्नागिरी, सातारा अशा मुलखांतली मराठी माणसेही मुंबई बंदरातून गेली. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव करतात. कोकणातला एक भाऊ परमुलखात ऊस तोडतो आहे आणि दुसऱ्या भावाच्या घरी सणाला त्याच उसाची साखर पुडीतून येते आहे, हे चित्र मनापुढे आणले म्हणजे पांढऱ्या दाण्यांकडे पाहताना माझे मन विषण्ण होते.

मोरसेपाठोपाठ जर्मनी व ऑस्ट्रियातली बिटाची साखर आली. तेथील सरकारे निर्यातीला बक्षिसी देत असल्यामुळे ती इतकी स्वस्त पडे की कर्झनच्या कारकीर्दीत १८९९ साली तिच्यावर प्रतिकारक जकात बसवावी लागली. त्यानंतर जावाची साखर आली. परदेशी साखरेविरुद्ध महाराष्ट्रात जे लोकमत उभे राहिले त्याची दोन अंगे होती. एक अर्थकारणाचे: देशातला पैसा बाहेर जातो आणि गुऱ्हाळे बसतात. दुसरे आचारधर्माचे: युरोपातल्या कारखान्यांत साखरेचा रस पांढरा करण्यासाठी जनावरांच्या हाडांचा कोळसा वापरीत, आणि ही गोष्ट कर्णोपकर्णी होताच देवघरातल्या नैवेद्याचा प्रश्न उभा राहिला. १९०५ साली पुण्यात विलायती कापडाची होळी झाली, त्या स्वदेशीच्या लाटेत परदेशी साखरही वर्ज्य ठरली, आणि कित्येक घरांनी चहादेखील गुळाचा किंवा देशी खांडेचा करण्याचे व्रत घेतले. त्या व्रतात श्रद्धेचा भाग होता, अफवाही मिसळल्या होत्या. परंतु आपल्या पानात पडणारी साखर कोठून आली आणि तिच्यावर कोणती प्रक्रिया झाली, हे विचारण्याची सवय समाजाला प्रथम त्या वेळी लागली. आजच्या सेंद्रिय मालाचा ग्राहक जो प्रश्न विचारतो, तो हाच.

पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून त्वरेने सांगतो. खडकवासल्याचा मुठा कालवा, नीरेचा डावा कालवा आणि १९२६ साली पुरे झालेले भंडारदऱ्याचे धरण यांनी दुष्काळी मुलखात पाणी नेले. सासवडच्या माळ्यांनी खंडाने जमिनी घेऊन त्या पाण्यावर ऊस उभा केला. १९३२ साली संरक्षक जकातीचा कायदा झाला, आणि पाचएक वर्षांत देशातले साखर कारखाने तिसाच्या आसपास होते ते सव्वाशेवर गेले. पुंड्याच्या जागी कोइमतूरच्या नव्या जाती आल्या. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणीला सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. शेतकऱ्याला कारखान्याचा मालक करणारे ते कार्य थोर होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. या कारखान्यांत हाडांचा कोळसा नसतो. चुना आणि गंधकाचा धूर यांनी रस स्वच्छ व शुभ्र करण्याची पद्धत येथे रूढ झाली. साखर स्वदेशी झाली. तिच्यावरचा जुना आक्षेप गळून पडला, आणि त्याबरोबर तिला घरात नित्याचे स्थान देण्यातला संकोचही.

पण केवळ स्वस्ताईने ती चुलीपर्यंत पोहोचली नसती. तिला हात धरून आणले ते चहाने. गुळात किंचित आम्लता असते, उकळत्या दुधाच्या चहात तो पडला की दूध फाटते. म्हणून दुधाच्या चहाला पांढरी साखरच लागते. १९०३ च्या चहाकराच्या पैशातून चहाचा जो प्रचार गावोगाव झाला, त्याने साखरेचा चमचा दिवसातून दोनदा, चारदा प्रत्येक घरात नेला. पूर्वी पाहुण्याला गूळपाणी देत. आता ‘चहा घेता का’ म्हणून विचारू लागले. दुसऱ्या महायुद्धात शिधापत्रिका आल्या, साखरेचे माप सरकारी झाले, आणि जी वस्तू मोजून मिळते ती पुरती उचललीच पाहिजे अशी वृत्ती निर्माण झाली. जिन्नस दुर्मिळ होता तेव्हा जो हात आपण होऊन आखडत असे, तो हात आता रांगेत उभा राहून भरून आणू लागला.

याआधीच पाककृती छापल्या जाऊ लागल्या होत्या. १८७५ चे ‘सूपशास्त्र’ हे मराठीतले अगदी आरंभीचे पुस्तक. १९१० मध्ये लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ आले. पुस्तकाला शेजारी उभी असलेली सासू नसते, त्यामुळे छापील कृतीला शेर-तोळ्याचे आणि पुढे वाटी-चमच्याचे निश्चित माप हवे. त्या निश्चितीने विद्या दूरवर पोहोचली, हे मोठेच काम झाले. मात्र वाटी हे माप भरण्याकडे झुकते. रिकामी वाटी कुणी अर्ध्यावर थांबवीत नाही. खडा फोडून घ्यावा लागतो, तो हातात वजन दाखवतो, मोठा वाटला तर परत डब्यात जातो. दाणेदार साखरेच्या सहज वाहण्यानेच, माझ्या मते, आपल्या हातातली मात्रा अधिक बिघडवली. तिच्या गुणदोषांनी तितकी नव्हे.

गुळाचेही मधल्या काळात नुकसान झाले. सौद्यात पिवळ्याधमक ढेपेला चढा भाव मिळतो, हे पाहून गुऱ्हाळांत भेंडीच्या पाण्याबरोबर हायड्रॉस नावाची रंग उडवणारी पूड पडू लागली. तिने ढेप दिसायला सोन्यासारखी होते, पण काही दिवसांत तिचा रंग पुन्हा काळवंडतो आणि खाताना गंधकाचा दर्प येतो. म्हणून आज ‘सेंद्रिय गूळ’ मागणारे लोक मुद्दाम काळसर, तांबूस, जरा मऊ गूळ निवडतात. त्यांच्या आजीपणज्यांना तोच गूळ ‘गूळ’ या एका शब्दात मिळत होता. सेंद्रिय शेतीच्या विचाराशीही मराठी मुलखाचा धागा आहे. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात होळकरांच्या इंदुरात राहून काडीकचरा आणि शेण यांचे खत कुजवण्याची जी पद्धत सिद्ध केली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली, आणि त्या विषयावरच्या १९३१ च्या ग्रंथावर हॉवर्डांच्या जोडीने यशवंत वाड यांचे नाव आहे. उसाचे पाचट न जाळता जमिनीत कुजवणारा आजचा शेतकरी त्याच मार्गाने चालतो आहे.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सेंद्रिय साखर ही अखेर साखरच. तिच्यात रासायनिक खताचा व गंधकाचा अंश नसेल, थोडा मळीचा गंध आणि रंग असेल, परंतु वाटी भरून घातली तर ती वाटीभर साखरच होय. तिचे सार्थक थोडी घालण्यात आहे, आणि थोडी घातल्यावरच तिचा गंध पदार्थात ओळखू येतो. कणकेच्या केकात गूळ घालताना मूठभर कमी घ्यावा, केळ्याचा किंवा खजुराचा गोडवा त्याच्या जोडीला द्यावा, चिमूटभर सोडा गुळाच्या आम्लतेने फुलतो हे ध्यानात ठेवावे, आणि दूध घालायचे असेल तर ते थंड असावे. इतके जपले तर साधा पदार्थही उत्तम उतरतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतणीने पुण्यातल्या तिच्या घरी, विजेच्या भट्टीत, धोंडस करायचे मनावर घेतले. तवसे मी कोकणातून आणले होते. रवा भाजून झाला, किस शिजू लागला, आणि तिने विचारले, काका, गूळ किती? मी आजीच्या सवयीने म्हटले, एवढ्याला तीन सुपाऱ्यांएवढा. ती थांबली. तिच्या घरात अख्खी सुपारी कुणी खात नव्हते, आणि सुपारी केवढी असते हे तिला डोळ्यांपुढे आणता येईना. शेवटी देवघरातल्या ताम्हनातून, गणपती म्हणून पुजलेली सुपारी तिने हळदकुंकवासकट उचलून आणली, ओट्यावर ठेवली, आणि तिच्याशेजारी सुरीने गुळाचा खडा तासू लागली. पहिला मोठा झाला, तो परत डब्यात गेला. दुसरा, तिसरा आणि चौथा मात्र बरोबर उतरले. मग तिने ते तिन्ही खडे काट्यावर ठेवून ग्रॅमचा आकडा वहीत लिहिला, आकड्याशेजारी पेन्सिलीने एक लहानशी सुपारी काढली, आणि सुपारी धुऊन पुन्हा ताम्हनात नेऊन ठेवली.